रक्तपेढीत डॉक्टरला काम काय? : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

गेल्या अंकात रक्तसंक्रमण या वैद्यकीय शाखेचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर सोलापूर शहरातून, तसेच बार्शी आणि अक्कलकोटहून बरीच पत्रे आली. त्यांतले सहा प्रश्न येथे घेतले आहेत. रक्तपेढीचे वैद्यकीय आणि प्रशासकीय काम सांभाळणाऱ्या डॉक्टरांनी मिळून ही उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप करते आहे. तिला एमडीसाठी आयएचबीटी, म्हणजे इम्युनोहिमॅटॉलॉजी अँड ब्लड ट्रान्सफ्युजन, ही रक्तसंक्रमणाची शाखा घ्यायची आहे. नातेवाईक म्हणतात, ‘एवढं शिकून रक्तपेढीत कशाला जायचं? तिथं डॉक्टरला काम काय?’ मलाही त्यांना नीट उत्तर देता येत नाही.
— एक पालक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : रक्ताची पिशवी कायद्याने औषध आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा तिला लागू होतो आणि त्याखाली परवाना असल्याशिवाय रक्तपेढी चालवता येत नाही. पण हे औषध कारखान्यात तयार होत नाही. गोळ्यांच्या एका बॅचमधल्या थोड्या गोळ्या तपासून बाकीच्या पास करता येतात, रक्ताला ते चालत नाही. प्रत्येक पिशवी वेगळ्या माणसाची, म्हणून प्रत्येक पिशवी ही वेगळी बॅच. ती देण्याजोगी आहे की नाही हे रोज ठरवायचे काम डॉक्टरचे.

सुरुवात दात्यापासून होते. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, पुरुषांना दोन रक्तदानांत तीन महिन्यांचे आणि स्त्रियांना चार महिन्यांचे अंतर, हे आकडे कोणीही पाठ करील. पण गेल्या आठवड्यात दात काढलेला, आकडीची गोळी चालू असलेला, वर्षाच्या आत गोंदवून घेतलेला दाता समोर बसतो तेव्हा त्याच्याशी बोलून, त्याला न दुखावता निर्णय घ्यावा लागतो. पुढे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. एखादा नमुना रिॲक्टिव्ह आला, म्हणजे त्यात संसर्गाची खूण दिसली, तर पिशवी नष्ट करण्यावर काम संपत नाही. त्या दात्याला गुप्तता राखून बोलावणे, समजावणे, पुढच्या खात्रीच्या तपासणीला पाठवणे आणि त्याने पूर्वी दिलेले रक्त कोणाकोणाला गेले ते शोधणे, हेही त्याच डॉक्टरकडे येते.

मग येतात न जुळणारे रुग्ण. ‘ओ’ गटाचा समजलेला रुग्ण, आणि ‘ओ’ची एकही पिशवी क्रॉसमॅचला, म्हणजे रुग्णाचे रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळवून पाहण्याच्या तपासणीला, जुळत नाही. तेव्हा बॉम्बे रक्तगट, म्हणजे ‘ओ’मध्येही असणारा एच हा घटक नसलेला दुर्मीळ गट, आठवला पाहिजे आणि तो घटक शोधणारे अँटी-एच लावून पाहिले पाहिजे. हा गट डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधला, नावही तेथूनच पडले. अशा माणसाला बॉम्बे गटाशिवाय दुसरे रक्त चालत नाही. आपल्याकडे मामा-भाचीची, आते-मामे भावंडांची लग्ने होतात. अशा घरांत हा गट आढळण्याची शक्यता वाढते, म्हणून रुग्णाच्या भावंडांचीही तपासणी करायची असते. वारंवार रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांत इतर प्रतिद्रव्ये (अँटीबॉडीज) तयार होतात, त्यांच्यासाठी जुळणारी पिशवी शोधणे हे तासन्‌तासांचे काम असते.

आणि कधी कधी डॉक्टरला सांगावे लागते, ‘यांना रक्त देऊ नका.’ हिमोग्लोबिन कमी आहे, पण कारण लोहाची कमतरता आहे आणि रुग्ण स्थिर आहे, तर लोह द्यायचे. न दिलेल्या पिशवीची रिॲक्शन येत नाही. हे वॉर्डातल्या वरिष्ठ सर्जनला पटवायला ज्ञान लागते आणि धीरही लागतो.

रक्ताचे काम म्हणजे तळघरात बसून करायचे काम, हा समज जुना आहे. नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन सर्जनने स्पेनच्या यादवी युद्धात १९३६-३७ मध्ये साठवलेले रक्त गाडीने आघाडीवर नेले. पुढे चीनमध्ये त्याच बेथ्यूनच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले ते आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

मार्ग असा : नीट-पीजी, मग तीन वर्षांची एमडी किंवा डीएनबी. या शाखेच्या जागा थोड्या आहेत. चंदीगडची पीजीआय, लखनौची संजय गांधी संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही जुनी नावाजलेली ठिकाणे. कॉलेज निवडताना तिथे ॲफेरेसिस (यंत्राने रक्तातला हवा तो घटक वेगळा काढणे) रोज होते का, प्रतिद्रव्ये ओळखण्याचे काम तिथेच होते की नमुने बाहेर पाठवतात, आणि रक्तपेढीचे डॉक्टर वॉर्डात जातात का, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा. एक गोष्ट मात्र मुलीशी आधी स्पष्ट बोला. स्वतःचा दवाखाना, स्वतःची पाटी, स्वतःचे रुग्ण हवे असतील तर ही शाखा नको. येथे बहुतेक आयुष्य पगारावर, संस्थेत आणि रात्री फोन उशाशी ठेवून जाते.

प्रश्न : मी एमबीबीएस आहे. चार वर्षांपासून एका ट्रस्टच्या रक्तपेढीत मेडिकल ऑफिसर आहे. मेडिकल डायरेक्टर व्हायचे तर काय शिकावे? एमबीए करावे का? माझ्या पदवीवर ते शक्य आहे का?
— एक डॉक्टर, सोलापूर

उत्तर : आधी कायदा. रक्तपेढीचा मेडिकल ऑफिसर म्हणून एमबीबीएसनंतर रक्तपेढीत एक वर्षाच्या नियमित नोकरीचा अनुभव चालतो. क्लिनिकल पॅथॉलॉजी किंवा ट्रान्सफ्युजन मेडिसिनचा डिप्लोमा असेल तर त्याचाही विचार होतो. पॅथॉलॉजी किंवा ट्रान्सफ्युजन मेडिसिनमधले एमडी थेट पात्र असतात. म्हणजे परवान्यावर नाव यायला तुमची पदवी आड येत नाही. मोठ्या रुग्णालयांत मात्र वरच्या पदाला एमडी किंवा डीएनबी मागतात. वय आणि घरची परिस्थिती जमत असेल तर ती पदवी घ्याच.

मेडिकल ऑफिसर समोरच्या पिशवीचा निर्णय घेतो. डायरेक्टरने असा बंदोबस्त करायचा असतो की रात्री दोन वाजता, तो घरी असताना, नवख्या टेक्निशियननेही तोच निर्णय घ्यावा. त्यासाठी एमबीएपेक्षा पुढच्या गोष्टी आधी हातात याव्या लागतात.

पहिली गोष्ट तापमान. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत, प्लेटलेट २० ते २४ अंशांत सतत हलत्या ट्रेवर आणि फक्त पाच दिवस, प्लाझ्मा उणे ३० किंवा त्याखाली एक वर्ष. हे तुम्हाला पाठ असेल. पण फ्रिजचा अलार्म खरोखर वाजतो का, हे शेवटचे कधी पाहिले? फ्रिजचा तापमान मोजणारा प्रोब एकदा बर्फाच्या पाण्यात आणि एकदा कोमट पाण्यात बुडवून कोणत्या आकड्याला अलार्म वाजतो ते दर तीन महिन्यांनी नोंदवा. आणि तो वाजला तर ऐकतो कोण? मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ वर असताना लाइट गेली, जनरेटर सुरू झाला, पण एसी त्या लाइनवर नव्हता. मग प्लेटलेटची खोली अर्ध्या तासात ३० वर जाते. फ्रिज ठीक दिसतो म्हणून तिकडे कोणी बघत नाही. कोणते यंत्र जनरेटरच्या कोणत्या लाइनवर आहे, त्याचा कागद इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि भिंतीवर लावा.

प्लाझ्माची एक साधी युक्ती. पिशवी गोठवताना तिच्या कमरेला रबरबँड लावा, गोठल्यावर काढा. पिशवीला खाच पडते. रात्रीत वीज जाऊन प्लाझ्मा वितळला आणि पुन्हा गोठला तर खाच नाहीशी होते. चार्टवरचा आकडा कोणी सकाळी भरून ठेवू शकतो, ही खाच कोणाला भरता येत नाही.

दुसरी गोष्ट खरेदी. टेंडरमध्ये संसर्ग तपासण्याचे सर्वांत स्वस्त एलायझा किट येते आणि सही तुमच्याकडे मागतात. नवा लॉट आला की जुन्या लॉटबरोबर तेच ठाऊक असलेले नमुने दोन्हींवर लावून बघा. किटसोबत येणाऱ्या कंट्रोलवर, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेल्या नमुन्यावर, विसंबू नका, बाहेरून घेतलेला क्षीण पॉझिटिव्ह नमुना रोज लावा आणि त्याचे वाचन आलेखावर मांडा. आलेख हळूहळू खाली सरकू लागला तर किट, वॉशर किंवा इन्क्युबेटर यांपैकी काहीतरी बिघडते आहे. आणि शेकडो नमुन्यांत महिनाभर एकही रिॲक्टिव्ह आला नाही तर पाठ थोपटून घेऊ नका, आधी तपासणीवर संशय घ्या.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट चुकांची वही. बहुतेक ठिकाणी ती कोरी असते, कारण लिहिणाऱ्यालाच मेमो मिळतो. डायरेक्टरची लायकी आम्ही या वहीवरून जोखतो. लेबल उलटे लागले होते पण वेळीच दिसले, ही नोंद सोन्यासारखी आहे, कारण अपघात होण्याआधी फट दिसली. चूक कोणी केली याआधी ती कोणत्या पायरीवर, कोणत्या वेळी, कोणत्या गर्दीत झाली ते विचारा. दोन पिशव्यांचे सेगमेंट, म्हणजे पिशवीच्या नळीचे रक्त भरलेले तुकडे, एकाच ट्रेमध्ये ठेवले होते का? एक टेक्निशियन फोन घेत क्रॉसमॅच करत होता का? टेक्निशियन बदलून उपयोग नाही, तो ट्रे आणि तो फोन बदलावा लागेल.

देशात हिमोव्हिजिलन्स, म्हणजे रक्त दिल्यावर होणाऱ्या त्रासांची नोंद ठेवण्याचा, कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ पासून सुरू आहे. त्याची सूत्रे नोएडाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल्सकडे आहेत. रक्तदात्यांना होणाऱ्या त्रासाची नोंद १४ जून २०१५ पासून वेगळी होते. तुमची रक्तपेढी नोंदणीकृत नसेल तर ते पहिले काम समजा. कागद भरण्यापुरते हे नाही. इंग्लंडमध्ये अशी नोंद १९९६ मध्ये सुरू झाली. तिच्यातून दिसले की रक्त दिल्यावर फुप्फुसांत पाणी भरून होणाऱ्या मृत्यूंमागे अनेकदा गर्भारपण होऊन गेलेल्या स्त्रियांचा प्लाझ्मा असतो, कारण गर्भारपणात त्यांच्या रक्तात विशिष्ट प्रतिद्रव्ये तयार होतात. २००३ च्या सुमारास त्यांनी प्लाझ्मा शक्यतो पुरुषांचाच वापरायचे ठरवले आणि हे प्रकार ठळकपणे कमी झाले. ना नवे यंत्र, ना नवे औषध. नोंदी वाचून कोणीतरी टेबलावर बसून निर्णय घेतला. तुम्ही विचारताय त्या पदाचे काम नेमके हेच आहे.

हिशेब मात्र शिका. एका पिशवीमागे रिकामी पिशवी, किट, वीज, पगार, शिबिराचा प्रवास किती पडतो हे तुम्हाला तोंडी सांगता आले पाहिजे. प्रक्रिया शुल्कावर सरकारची मर्यादा आहे, आणि थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलच्या रुग्णांना रक्त मोफत द्यायचे असते. हा ताळेबंद मांडता न येणाऱ्या डॉक्टरचे चांगल्या किटसाठी ट्रस्टपुढे कोणी ऐकत नाही. तेवढ्यासाठी अकाउंटंटजवळ चार शनिवार बसलात तरी पुरे. रुग्णालयांच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या अंतर्गत तपासनिसाचे प्रशिक्षण घ्या, दुसऱ्यांची रक्तपेढी तपासायला लागले की स्वतःची दिसू लागते.

नेमणुकीच्या पत्राबद्दल दोन सूचना. पिशवी द्यायची की नाही, दाता घ्यायचा की नाही, शिबिर थांबवायचे की नाही, हा निर्णय वैद्यकीय असून तो कोणी फिरवू शकणार नाही, असे वाक्य पत्रात लिहून मागा. आणि परवान्यावर नाव द्या, महिन्यातून एकदा सहीला या, असे कोणी सुचवले तर तिथल्या तिथे नकार द्या. कायद्याला पूर्णवेळ डॉक्टर हवा आहे. तुम्ही नसताना चुकीची पिशवी गेली तर जबाब तुमचाच होईल, आणि त्याहून वाईट म्हणजे तिथे तिला अडवायला कोणीच नसेल.

प्रश्न : मी स्टाफ नर्स आहे. चुकीच्या गटाचे रक्त चढल्याच्या बातम्या वाचल्या की हात थरथरतात. रक्तपेढीने क्रॉसमॅच केलेले असताना चूक होतेच कशी? आणि आम्ही नेमके काय करायचे?
— एक सिस्टर, बार्शी

उत्तर : क्रॉसमॅच नळीतल्या रक्ताशी होतो. नळी दुसऱ्याच रुग्णाची असेल तर क्रॉसमॅच अगदी बरोबर येतो आणि रक्त चुकीचे जाते. म्हणून बहुतेक वेळा चुकीची सुरुवात खाटेजवळ होते आणि शेवटही खाटेजवळच होतो.

नेहमी घडते ते असे. सकाळी नळ्यांवर आधीच नावे चिकटवून ट्रे भरला जातो. एका वॉर्डात दोन सिद्राम, दोन मल्लिनाथ असतात. रात्री खाटा बदललेल्या असतात. सिस्टर विचारते, ‘तुम्ही सिद्राम ना?’ आणि तापाने ग्लानीत असलेला, कन्नड किंवा तेलुगू बोलणारा म्हातारा मान हलवतो. आपल्या भागात हा प्रसंग रोजचा आहे. प्रश्न कायम उघडा विचारा : ‘तुमचं पूर्ण नाव सांगा.’ बोलता येत नसेल तर मनगटावरचा पट्टा आणि केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक जुळवा. खाट क्रमांक ही ओळख नव्हे. रक्त काढल्यानंतर, त्याच खाटेजवळ उभे राहून, हाताने लेबल लिहा आणि सही करा. एका वेळी एकच रुग्ण. नळी खिशात घालून दुसऱ्या खाटेकडे वळायचे नाही.

पहिल्यांदा रक्त लागणाऱ्या रुग्णाचा गट वेगळ्या वेळी, शक्यतो वेगळ्या माणसाने काढलेल्या दुसऱ्या नमुन्यावर पुन्हा तपासावा. तुमची रक्तपेढी दुसरा नमुना मागते तेव्हा तो तुमच्यावरचा अविश्वास नसतो. अदलाबदल पकडायला याहून स्वस्त उपाय नाही.

पिशवी आल्यावर दोघींनी मिळून, खाटेजवळच, नाव, नोंदणी क्रमांक, गट, पिशवीचा क्रमांक, मुदत मोठ्याने वाचून जुळवा. नर्सिंग स्टेशनवर जुळवून मग वॉर्डात नेणे म्हणजे न जुळवणेच. पिशवी हातात धरून उजेडात पाहा : गाठी, बुडबुडे, जांभळट काळा रंग, वरच्या थरात लालसरपणा दिसला तर लावू नका. पिशवी आल्यापासून अर्ध्या तासात सुरू करा. नाहीच जमले तर त्याच अर्ध्या तासात परत पाठवा, वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. औषधांच्या त्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याजवळ पिशवी गोठली की तांबड्या पेशी फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. गरम पाण्याच्या वाटीत पिशवी ठेवायची नाही, काखेत धरून ऊबही द्यायची नाही. फिल्टरचा रक्ताचाच सेट वापरा. सोबत नॉर्मल सलाइनशिवाय काही चालवू नका. रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियममुळे नळीत गाठी होतात, डेक्स्ट्रोजमुळे पेशी फुटतात. सुरू केल्यापासून चार तासांत पिशवी संपली पाहिजे.

पहिली पंधरा मिनिटे हळू सोडा आणि तिथेच थांबा. गट चुकला असेल तर बहुधा याच वेळात कळते : पाठीत किंवा टोचलेल्या जागी दुखणे, छाती भरणे, थंडी, अस्वस्थपणा, ‘काहीतरी होतंय’ असे रुग्णाचे म्हणणे. ते म्हणणे कधीच उडवून लावू नका. ऑपरेशन टेबलावर रुग्ण बोलत नाही. तिथे रक्तदाब एकाएकी पडणे, जखमेतून रक्त पाझरत राहणे, लघवीच्या पिशवीत लाल रंग, या खुणा. लगेच रक्त थांबवा, शीर सोडू नका, नवा सेट लावून सलाइन चालू ठेवा, डॉक्टरांना बोलवा, आणि पिशवी सेटसकट, नवा रक्ताचा नमुना व पहिली लघवी रक्तपेढीकडे पाठवा. पिशवी टोपलीत टाकू नका, उत्तर तिच्यात असते. रक्तपेढीत आधी सगळे कागद जुळवतात. मग सीरमचा रंग पाहून, गट पुन्हा करून कूम्ब्स ही प्रतिद्रव्ये शोधणारी चाचणी लावतात. आणि एक तातडीचा फोन करायचा असतो : अदलाबदल झाली असेल तर या रुग्णासाठीची पिशवी आत्ता कोणाला चढते आहे?

प्रश्न : आमच्या मंडळाने १४ एप्रिलला शिबिर ठेवले. तीनशे तरुण आले. रक्तपेढीच्या डॉक्टरांनी दुपारी नोंदणी बंद केली आणि पन्नासेक जणांना ‘हिमोग्लोबिन कमी’ म्हणून परत पाठवले. पोरं नाराज झाली. रक्ताचा तुटवडा म्हणता आणि दाते परत पाठवता?
— एक कार्यकर्ता, सोलापूर

उत्तर : तुमच्या मंडळाने तीनशे जण जमवले, ही ताकद थोडी नाही, म्हणून सविस्तर लिहितो. नियमांत शिबिराचा हिशेब दिलेला आहे : तीन तासांत ५० ते ७० किंवा पाच तासांत १०० ते १२० दात्यांसाठी एक डॉक्टर, दोन नर्स, तीन टेक्निशियन, दोन समाजसेवक, दोन मदतनीस आणि सहा ते आठ टेबले. तीनशे जण एका डॉक्टरसमोर उभे केले तर दर माणशी एक-दोन मिनिटे मिळतात. दाता ‘मागच्या आठवड्यात काविळीची औषधं संपली’ हे सांगणार ते याच दोन मिनिटांत. अशी घाई झाली की नळी आणि पिशवीचे क्रमांकही चुकतात, आणि तिथून पुढची प्रत्येक तपासणी चुकीच्या पिशवीची ठरते.

हिमोग्लोबिन मोरचुदाच्या द्रावणात थेंब टाकून पाहतात. १.०५३ विशिष्ट गुरुत्वाच्या द्रावणात थेंब पंधरा सेकंदांत बुडाला तर १२.५ च्या वर. एप्रिलच्या उन्हात मंडपात उघडी राहिलेली बाटली आटून द्रावण घट्ट होते आणि चांगला थेंबही तरंगतो. एका ३० मिलिलिटरच्या भांड्यात सुमारे २५ तपासण्या झाल्या की द्रावण बदलायचे असते. पुढच्या वेळी टेबल सावलीत, झाकणाच्या भांड्यांसह मांडायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. पण खरोखर कमी असलेल्या मुलाचे रक्त घेऊ नये. त्याला चक्कर येईल आणि रुग्णालाही कमी पेशी मिळतील.

तांबड्या पेशी पिशवीच्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट पाच दिवस. शिवजयंती, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट, गणेशोत्सव या दिवशी शहरात रक्ताचा पूर येतो आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात कॉलेजे बंद असताना कपाटे रिकामी होतात. तीनशेंपैकी शंभर जणांनी १४ एप्रिलला, शंभर जणांनी मेमध्ये आणि शंभर जणांनी जूनच्या शेवटी दिले तर एकही पिशवी वाया जाणार नाही. तारखा रक्तपेढीच्या डॉक्टरला विचारून ठरवा, त्यांच्याकडे गटवार साठ्याचा आलेख असतो. मेमध्ये घ्याल तेव्हा सकाळी सात ते दहा घ्या, दात्यांना आधी दोन ग्लास पाणी द्या, उपाशी कोणाला बसवू नका, आणि रक्त दिल्यावर पंधरा-वीस मिनिटे गाडीची किल्ली मंडळाने आपल्याकडे ठेवून घ्या. चक्कर बहुधा उठल्यावर, गाडी चालवताना येते.

प्रश्न : माझ्या पत्नीच्या ऑपरेशनला तिच्या सख्ख्या भावाचे रक्त द्यायची आमची इच्छा होती. रक्तपेढीने नाकारले. घरचे रक्त जास्त सुरक्षित नसते का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : नसते. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला ‘आपल्या’ वाटू शकतात. शरीर त्यांना मारत नाही आणि त्या उलटून रुग्णाच्या अवयवांवर हल्ला करतात. हे दुर्मीळ आहे, पण झाले की बहुधा रुग्ण वाचत नाही. असे रक्त द्यावेच लागले तर २५ ग्रे किरणोत्सर्ग देऊन मगच देतात, आणि ती सोय प्रत्येक शहरात नसते. शिवाय घरच्या आग्रहाखाली भावाला एखादी खासगी गोष्ट डॉक्टरला सांगणे जड जाते. त्याने रक्त जरूर द्यावे, ते दुसऱ्या कोणाला जाईल आणि तुमच्या पत्नीला अनोळखी स्वेच्छा दात्याचे मिळेल.

प्रश्न : मी दहा वर्षे रक्तपेढीत टेक्निशियन आहे, डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा डिप्लोमा) झालेला. मला वरचे पद मिळू शकते का? आणि आमचे विश्वस्त विचारतात की डॉक्टरांकडून दर महिन्याला नेमका कोणता अहवाल मागावा? दोन्हींचे उत्तर द्यावे.
— एक टेक्निशियन, सोलापूर

उत्तर : मेडिकल ऑफिसरची जागा वैद्यकीय पदवीशिवाय मिळत नाही. टेक्निकल सुपरवायझर, क्वालिटी मॅनेजर, हिमोव्हिजिलन्स समन्वयक ही पदे तुमच्यासाठी खुली आहेत. डीएमएलटीवर बीएससी किंवा ट्रान्सफ्युजनमधला पदविका अभ्यासक्रम केलात तर दार अधिक मोकळे होते. दहा वर्षांत कोणत्या कपाटाचे दार नीट लागत नाही आणि कोणत्या पाळीत चुका होतात हे तुम्हाला डॉक्टरपेक्षा जास्त ठाऊक असते. ते लिहून काढायची सवय लावा, क्वालिटी मॅनेजरचे काम तेच आहे.

विश्वस्तांनी एका पानाचा अहवाल मागावा. किती पिशव्या गोळा झाल्या हा आकडा त्यात शेवटी असावा. सुरुवातीला रिॲक्शन किती नोंदल्या आणि त्यांचा तपास कुठवर आला. शंभर पिशव्यांमागे एकही रिॲक्शन नोंदलेली नसेल तर वॉर्ड कळवत नाहीत असे समजून विचारणा करावी. मग वाया गेलेल्या पिशव्या, कारणासह : मुदत संपली, फुटली, रिॲक्टिव्ह निघाली, की वॉर्डातून उशिरा परत आली. मग जेवढ्या पिशव्या क्रॉसमॅच करून राखून ठेवल्या त्यांतल्या खरोखर किती चढल्या. हे प्रमाण दोनास एक ते अडीचास एक यापेक्षा वाढले तर सर्जन गरजेपेक्षा जास्त मागतात आणि दुसऱ्याच्या वाट्याचे रक्त अडून राहते. तातडीची मागणी आल्यापासून पिशवी हातात पडेपर्यंत किती मिनिटे लागली. चुकांच्या वहीत किती नोंदी झाल्या आणि त्यांवर काय बदलले. रुग्णालयाच्या ट्रान्सफ्युजन कमिटीची बैठक त्या तिमाहीत झाली का आणि तिला सर्जन, भूलतज्ज्ञ व नर्सिंगचे कोण आले होते.

हा अहवाल तयार करायला तुम्ही डॉक्टरांना मदत करा. रिॲक्शनच्या नोंदींपासून सुरुवात करा. तपासाचे निम्मे कागद वॉर्डात पडून असतील, ते गोळा करायलाच पहिला महिना जाईल.